समुद्रावरून संतोषाकडे: सिंगापूरची केबल कार चालते कशी आणि आपल्या रोपवेंनी तिच्याकडून काय घ्यावं?

सिंगापूरच्या सहलीचं पत्रक बेळगावात छापलेलं असो, वडोदऱ्यात असो की इंदुरात, त्यात एक ओळ हमखास सापडते: 'सेंटोसा आयलंड, केबल कारसह.' घरी परतल्यावर दाखवायच्या फोटोंमध्येही एक ठरलेला असतो. काचेच्या डब्यात बसलेलं कुटुंब, खाली निळंहिरवं पाणी आणि मागे बंदरातल्या क्रेन. आजी डोळे गच्च मिटून बसलेली आणि नातू काचेला नाक लावून.

दहा-पंधरा मिनिटांचा हा प्रवास. पण त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, त्यात एक मोठा अपघात आहे आणि त्यातून शिकलेले धडे आहेत. आता आपल्याकडेही डोंगरांवर, नद्यांवर आणि समुद्रावर रोपवे बांधायच्या घोषणा होतात. म्हणून ही केबल कार नीट समजून घ्यायला हवी.

'मागे मरण' ते 'संतोष'

सेंटोसा हे सिंगापूरच्या दक्षिण टोकाला, मुख्य भूमीपासून हाकेच्या अंतरावर असलेलं बेट. त्याचं जुनं नाव पुलाउ ब्लाकांग माती. मलय भाषेत 'ब्लाकांग' म्हणजे मागे आणि 'माती' म्हणजे मृत. हे नाव कसं पडलं याच्या दंतकथा बऱ्याच आहेत. इंग्रजांच्या काळात इथे लष्करी ठाणं होतं. बेटाच्या पश्चिम टोकावरचा सिलोसो किल्ला आणि त्यावरच्या तोफा आजही पाहायला मिळतात.

स्वतंत्र सिंगापूरने हे बेट पर्यटनासाठी विकसित करायचं ठरवलं. पण 'मागे मरण' अशा नावाच्या बेटावर सुट्टी घालवायला कोण जाणार? लोकांकडून नवी नावं मागवली गेली आणि 'सेंटोसा' हे नाव ठरलं. मलय भाषेत त्याचा अर्थ शांती, समाधान. हा शब्द मलय भाषेत आला तो संस्कृतातल्या 'संतोष'वरून. म्हणजे मराठी माणूस सेंटोसाला जातो तेव्हा एका अर्थी 'संतोषा'लाच जात असतो. खुद्द सिंगापूर या नावातही 'सिंह' आणि 'पूर' हे आपले ओळखीचे शब्द आहेत.

बेटाचा कारभार पाहण्यासाठी १९७२ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. १५ फेब्रुवारी १९७४ रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान गोह केंग स्वी यांच्या हस्ते केबल कारचं उद्घाटन झालं. तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. बरोबर ३२ वर्षांपूर्वी, १५ फेब्रुवारी १९४२ ला, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं होतं.

तेव्हा बेटावर जायला पूल नव्हता. फेरी बोट किंवा ही केबल कार, असे दोनच मार्ग होते. मोटारींचा पूल १९९२ मध्ये झाला. पुढे मोनोरेल आली, पायी जाणाऱ्यांसाठी समुद्रावरून पदपथही झाला. त्यामुळे आज केबल कारने गेलंच पाहिजे अशी कुणाला गरज उरलेली नाही. लोक त्यात बसतात ते वरून दिसणाऱ्या दृश्यासाठी.

मार्ग कसा आहे?

केबल कार सुरू होते माउंट फेबर या टेकडीवरून. टेकडी शंभरेक मीटर उंच. रायगड-तोरणा पाहिलेल्यांना ती टेकाडच वाटेल, पण सपाट सिंगापुरात तेवढी उंचीही पुष्कळ. तिथून डबा झाडांच्या माथ्यावरून खाली सरकतो आणि हार्बरफ्रंट इथल्या एका उंच इमारतीत शिरतो. हो, इमारतीतच! स्टेशन पंधराव्या मजल्यावर आहे. इमारतीच्या एका बाजूने डबा आत येतो आणि दुसऱ्या बाजूने थेट समुद्रावर निघतो. खाली केपेल बंदर, क्रूझ जहाजं, डाव्या हाताला मोठाल्या इमारती आणि समोर बेटाची हिरवी किनार.

२०१० मध्ये सगळी यंत्रणा आणि डबे बदलण्यात आले. आता एका डब्यात आठ जण बसतात. २०१५ मध्ये बेटाच्या आतल्या आत फिरणारी दुसरी, छोटी केबल कार सुरू झाली. ती सिलोसोच्या बाजूला घेऊन जाते. २०२४ मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने गोल चेंडूसारखे नवे डबेही आले.

जुन्या सहलीचे फोटो पाहून जाणाऱ्यांसाठी एक सूचना. सेंटोसावरचा तो भलामोठा, ३७ मीटर उंचीचा सिंहमुखी मासा, म्हणजे मर्लायन, आता तिथे नाही. २०१९ मध्ये तो पाडण्यात आला. शहरातला पाण्याची चूळ टाकणारा मर्लायन मात्र जागेवर आहे.

डबा तारेवर चालतो की तार डब्याला नेते?

रोपवेत बसलेल्या दहांपैकी नऊ जणांना वाटतं की डब्याला इंजिन असतं आणि तो तारेवरून धावतो. प्रत्यक्षात डब्याला इंजिन नसतंच. मोटर असते स्टेशनात. ती एक प्रचंड चाक फिरवते. त्या चाकाला वेढा घातलेली पोलादी तार गोल-गोल फिरत राहते, विहिरीवरच्या रहाटासारखी. डबा त्या तारेला फक्त चिमट्याने धरलेला असतो. तार पुढे गेली की डबाही पुढे जातो.

रोपवेचे ढोबळमानाने दोन प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरे.

पहिला ये-जा करणारा. एका बाजूचे डबे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. डबे तारेला कायमचे जोडलेले असतात आणि स्टेशनात तारच थांबते. आपला रायगडचा रोपवे याच जातीचा. गुवाहाटीत ब्रह्मपुत्रेवर २०२० मध्ये सुरू झालेला रोपवेही असाच ये-जा करतो. त्याच्या वाटेत उमानंद मंदिराचं बेट लागतं, पण डबा बेटावर उतरत नाही.

दुसरा प्रकार गोंडोलाचा. यात तार थांबतच नाही. डबा स्टेशनात आला की चिमटा उघडतो, डबा तारेपासून सुटतो आणि रबरी चाकांच्या आधाराने अगदी गोगलगाईच्या गतीने पुढे सरकतो. तेवढ्यात लोक उतरतात, चढतात. मग डब्याला पुन्हा वेग दिला जातो आणि तो तारेच्या वेगाला आला की चिमटा तारेवर घट्ट बसतो. सेंटोसाची केबल कार या प्रकारची. जुनागढजवळच्या गिरनारचा, २०२० मध्ये सुरू झालेला रोपवेसुद्धा याच प्रकारचा.

चिमटा नीट बसला नाही तर? हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. म्हणूनच चिमटा बसल्यानंतर, डबा स्टेशनाबाहेर पडण्याआधी, त्याची पकड यंत्राने तपासली जाते. पकड कमी भरली तर अख्खी लाईन थांबते. मध्येच दोन मिनिटं डबा लटकून राहिला म्हणून लोक घाबरतात. पण बऱ्याचदा ते थांबणंच सुरक्षेचं लक्षण असतं.

अंतर लांब आणि वारा जोराचा असेल तर एका तारेवर भागत नाही. तेव्हा डबे उभ्या बांधलेल्या जाड तारांवर चाकांनी चालतात आणि वेगळी तार त्यांना ओढते. हाँगकाँगच्या लांटाऊ बेटावरची, २००६ मध्ये सुरू झालेली केबल कार अशी आहे. तिचं अंतर ५.७ किलोमीटर असून तियान तान बुद्धाच्या मूर्तीपर्यंत पोहोचायला साधारण २५ मिनिटं लागतात. व्हिएतनाममध्ये फू क्वॉकहून होन थॉम बेटावर जाणारी २०१८ ची केबल कार तर जवळजवळ आठ किलोमीटर समुद्रावरून जाते. तिथे तीन तारा आहेत.

तार तुटत का नाही?

'तार' म्हटलं की कपडे वाळत घालायची तार डोळ्यांसमोर येते. रोपवेची तार म्हणजे पोलादाच्या अनेक बारीक तारा पिळून केलेले पेड आणि ते पेड पुन्हा पिळून केलेला दोर. काथ्याचा दोर वळतात तसाच, फक्त पोलादाचा. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये असा दोर वापरात आणला. त्याआधी खाणीत साखळदंड वापरत. साखळीची एक कडी तुटली की सगळं खाली. पिळलेल्या दोरात एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार उचलतात आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

पण हा वेळ कुणीतरी वापरायला हवा, आणि गोची तिथेच आहे. दोराच्या आतली तुटलेली तार डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला चुंबकीय तपासणी करावी लागते. दोर रोज ताणला जातो, वाकतो, उन्हापावसात राहतो. समुद्राजवळ खाऱ्या हवेने गंजही लवकर धरतो. तपासणीचं वेळापत्रक पाळलं तर पोलादी दोर वर्षानुवर्षं साथ देतो. पाळलं नाही तर तो आधी ओरडून सांगत नाही.

याशिवाय मुख्य वीज गेली तर डबे स्टेशनात आणण्यासाठी डिझेल इंजिन, वेगवेगळ्या पद्धतीने लागणारे ब्रेक, वारा मोजणारी यंत्रं आणि वीज कडाडू लागली की सेवा बंद करण्याचा नियम, असा सगळा सरंजाम लागतो. सिंगापुरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचाच. तेव्हा केबल कार थांबवली तर काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

२९ जानेवारी १९८३ ची संध्याकाळ

सेंटोसाच्या केबल कारला सुरू होऊन नऊ वर्षं होत आली होती. त्या दिवशी संध्याकाळी केपेल बंदरातून 'एनिवेटोक' नावाचं तेल शोधणारं जहाज धक्क्यावरून बाहेर काढलं जात होतं. अशा जहाजावर विहीर खोदण्यासाठी लोखंडी मनोरा असतो. जहाज सरकत केबल कारच्या खाली आलं आणि तो मनोरा वरच्या तारेत अडकला. तार ताणली गेली, हिसके बसले आणि दोन डबे थेट समुद्रात कोसळले. एकूण सात जणांचा जीव गेला.

आणखी चार डब्यांत १३ माणसं अडकली होती. काळोख, वारा, खाली पाणी आणि वर केव्हा दगा देईल याचा भरवसा नसलेली तार. सुटकेची सूत्रं तेव्हा लष्करात कर्नल असलेल्या ली श्येन लूंग यांच्याकडे होती. हेच पुढे सिंगापूरचे पंतप्रधान झाले. हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणली गेली. पंख्याच्या वाऱ्याने डबे हेलकावत होते, तरी एकेक माणूस दोरीने वर ओढण्यात आला. पहाट होण्याआधी सगळे १३ जण सुखरूप बाहेर आले.

या अपघातात केबल कारची मोटर बिघडली नव्हती, ब्रेक निकामी झाले नव्हते, तारही गंजलेली नव्हती. अपघात झाला तो जहाजाच्या मनोऱ्याची उंची आणि वरच्या तारेची उंची यांचा मेळ वेळेत कुणी न घातल्यामुळे. बंदर एकाचं, जहाज दुसऱ्याचं, केबल कार तिसऱ्याची. प्रत्येकाला वाटलं, ते दुसऱ्याने पाहिलं असेल.

चौकशी आयोग बसला, उंच जहाजांच्या ये-जा करण्यावर कडक निर्बंध आले आणि काही महिन्यांनी केबल कार पुन्हा सुरू झाली.

हाँगकाँगचा अनुभवही असाच बोलका आहे. जून २००७ मध्ये दिवसाची सेवा संपल्यावर चाचणी चालू असताना एक डबा खाली पडला. आत कुणी नव्हतं, म्हणून जीवितहानी टळली. तरीही सेवा सुमारे सहा महिने बंद ठेवली आणि चालवणारी कंपनी बदलण्यात आली. कुणी मेलं नाही, म्हणून प्रकरण मिटवलं नाही.

आपल्याकडचा हिशोब

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला पावागड नवा नाही. काली मातेच्या दर्शनाला जाणारा रोपवे तिथे १९८६ पासून आहे. जानेवारी २००३ मध्ये तिथे डबे कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच डोंगरावरच्या सामान नेणाऱ्या रोपवेच्या दुर्घटनेत सहा जण गेले.

झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर १० एप्रिल २०२२ रोजी, ऐन रामनवमीला, रोपवे बिघडला आणि माणसं दोन दिवस हवेत अडकली. हवाई दलाने हेलिकॉप्टरने बहुतेकांना सोडवलं, पण सुटकेच्या वेळीच दोघे खाली पडून दगावले. त्यानंतर केंद्राने राज्यांना सगळ्या रोपवेंची सुरक्षा तपासायला सांगितलं.

रोपवे धोकादायकच असतो, असा याचा अर्थ नाही. त्याच देशात लाखो भाविक दरवर्षी रोपवेने सुखरूप ये-जा करतात. देवासच्या टेकडीवर किंवा रायगडावर ज्येष्ठांना आणि गुडघे धरलेल्यांना रोपवे म्हणजे वरदान. दर्शन घडलं, गड पाहता आला, हे समाधान पायऱ्यांनी मिळालं नसतं. प्रश्न इतकाच की यंत्र बसवताना जो उत्साह असतो, तो तपासणीत टिकतो का? आणि डबा मध्येच अडकला तर माणसं खाली आणण्याचा सराव आधी झालेला असतो का?

घारापुरी आणि मांडवी

बेटावर जाणाऱ्या केबल कारचं स्वप्न आपल्याकडेही पाहिलं गेलं आहे. मुंबईत शिवडीहून घारापुरीला, म्हणजे एलिफंटा बेटावर, समुद्रावरून सुमारे आठ किलोमीटरचा रोपवे नेण्याचा प्रस्ताव मुंबई पोर्ट ट्रस्टने मांडला होता. गोव्यातही पणजीहून मांडवी ओलांडून रेईश मागूशला रोपवे नेण्याची चर्चा अधूनमधून डोकं वर काढते.

घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण बेटावरच्या तीन वस्त्यांना समुद्राखालून केबल टाकून चोवीस तास वीज मिळाली ती २०१८ मध्ये. आजही तिथे जायला बोटच. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि डझनाहून अधिक लोकांचा जीव गेला. त्यानंतर 'रोपवे असता तर' असं म्हणणं सोपं आहे.

पण सेंटोसाचा धडा इथे आठवावा. मुंबई बंदरातही उंच जहाजं ये-जा करतात. तारेखालून किती उंचीचं जहाज जाईल, ते कोण मोजणार, कोण थांबवणार? पावसाळी वाऱ्यात वर्षातले किती दिवस सेवा बंद राहणार? समुद्रावर डबा अडकला तर माणसं उतरवणार कशी? खाऱ्या हवेतल्या तारेची तपासणी कोण, किती दिवसांनी करणार? आणि बोटींवर, बेटावरच्या टपऱ्यांवर ज्यांचं पोट आहे त्यांचं काय? ब्लाकांग मातीचं सेंटोसा झालं तेव्हा तिथल्या जुन्या रहिवाशांना बेट सोडून मुख्य भूमीवर जावं लागलं होतं. पर्यटकाच्या वाट्याला संतोष आला, पण तो सगळ्यांच्या वाट्याला आला असं नाही.

जाणारच असाल तर

सेंटोसाला जाणाऱ्यांनी शक्य असेल तर माउंट फेबरपासून सुरुवात करावी. टेकडी, इमारत आणि समुद्र असा पूर्ण मार्ग मिळतो. फक्त समुद्रावरचा टप्पा हवा असेल तर हार्बरफ्रंट सोयीचं, कारण खालीच मेट्रो स्टेशन आहे. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास निघालं तर उजेड आणि दिवे दोन्ही दिसतात. पण आभाळ भरून आलं असेल तर वाट पाहावी. सहल कंपनीच्या पॅकेजमध्ये जाण्याचं तिकीट आहे की येण्या-जाण्याचं, बेटावरची दुसरी लाईन धरली आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

उंचीची भीती वाटणाऱ्यांनी डब्यात पाऊल ठेवल्यावर खाली न बघता दूरवर पाहावं. भीती पहिली दोन-तीन मिनिटंच जास्त असते. डबा हलवून पाहणं, दाराला टेकून उभं राहणं हे तिथे काय नि पावागडावर काय, टाळलेलंच बरं. डबा थांबला तर बसून राहावं आणि घोषणा ऐकावी. दार उघडायचा प्रयत्न कदापि करू नये.

आणि आपल्या जवळच्या रोपवेत बसताना तिकीट खिडकीपाशी दोन प्रश्न जरूर विचारावेत. शेवटची तपासणी कधी झाली? आणि डबा मध्येच अडकला तर आम्हाला खाली कसं आणणार? उत्तर तयार असेल तर निश्चिंतपणे बसावं. उत्तराऐवजी कपाळाला आठ्या मिळाल्या तर पायऱ्या आहेतच.